बागुलबोवाचा खाऊ

गेल्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचें पत्र आम्हांस आलें. ती हल्लीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यू जर्सी येथें सहकुटुंब राहते. कुशल वर्तमानानंतर तिनें लिहिलें होतें कीं, तिच्या सात वर्षांच्या मुलाच्या वर्गांत ३१ ऑक्टोबर रोजीं हॅलोवीनचा समारंभ व्हावयाचा आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनीं घरून कांहींतरी भुताखेतांच्या आकाराचा खाऊ करून आणावा असें ठरलें आहे. आणि मुलगा रोज सकाळीं उठून विचारतो, 'आई, तूं भूत केव्हां करणार?' पुढें तिनें तीन प्रश्न विचारले होते. असला खाऊ करावा कसा? ख्रिस्ती घरानें तो करावा काय? आणि तिसरा प्रश्न थोड्या रागानें विचारलेला दिसला: शाळेनें खाऊंतील प्रत्येक जिन्नसाची लेखी यादी मागितली आहे, तर आईच्या हातावर एवढा अविश्वास कां?

पाकशास्त्रांत आमची गति बेताचीच आहे. तरी प्रश्न आमच्या मुलीनें विचारले, तेव्हां उत्तर देणें प्राप्त होतें. घरच्या मंडळींस हाताशीं घेऊन दोन शनिवार आम्हीं हा खाऊ करून पाहिला, आणि मग उत्तर धाडलें. मुंबई-पुण्याकडील कांहीं शाळांतून व दुकानांतूनही अलीकडे हा सण डोकावूं लागला आहे. म्हणून तेंच उत्तर थोडें विस्तारून आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम सणाची ओळख. 'हॅलोवीन' हा शब्द 'सर्व पवित्र जनांच्या सणाची पूर्वसंध्या' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप आहे. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस व २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. आठव्या शतकांत पोप तिसरा ग्रेगरी यानें रोम येथें सर्व संतांच्या नांवें एक प्रार्थनास्थान अर्पण केलें, आणि पुढें ८३५ च्या सुमारास चवथ्या ग्रेगरीच्या वेळीं १ नोव्हेंबरचा सण पश्चिम युरोपांत दूरवर पसरला. वसई, मुंबई व गोवें येथील आमचे रोमन कॅथॉलिक बंधु २ नोव्हेंबरला कबरी झाडून त्यांवर फुलें व मेणबत्त्या ठेवतात, तें याच मालिकेंतील स्मरण होय.

परंतु आयर्लंड व स्कॉटलंड येथें याच सुमारास त्याहूनही जुना एक सण होता. त्याचें नांव सॉविन. पिकें घरांत आलेलीं, गुरें कुरणांवरून परतलेलीं, आणि पुढें थंडीचा अंधारा काळ. अशा त्या सीमेवरच्या रात्रीं जिवंत व मृत यांमधील पडदा विरळ होतो, अशी लोकांची समजूत होती. सलगमाचा कंद पोखरून, त्यास डोळेतोंड कोरून, आंत दिवा ठेवून तो दाराशीं लावण्याची चाल तेथलीच.

या रात्रीचा आणि खाण्याचा संबंध आजकालच्या दुकानदारांनीं जोडलेला नाहीं, हें येथें लक्षांत घ्यावें. मध्ययुगीन इंग्लंडांत गरीब लोक व मुलें दारोदार जात, घरधनी त्यांस मसाला घातलेली लहान वाटोळी रोटी देई, आणि ते त्या घरच्या मृतांसाठीं प्रार्थना करीत. तिला 'सोल केक' म्हणजे आत्म्यांची रोटी म्हणत. धर्मसुधारणेनंतर मृतांसाठीं प्रार्थना करणें तेथें मागें पडलें, तरी रोटी मागत फिरण्याची चाल चेशायरसारख्या परगण्यांत एकोणिसाव्या शतकांतही टिकून होती. आयर्लंडांत या दिवशीं 'बार्मब्रॅक' नांवाचा मनुकांचा पाव करीत, आणि त्यांत अंगठी, नाणें व चिंधी लपवीत. ज्याच्या वांट्यास अंगठी येई त्याचें वर्षाच्या आंत लग्न, नाण्यास संपत्ति आणि चिंधीस दारिद्र्य, असें भाकीत हांसत खेळत केलें जाई. १८४५ ते १८५२ या वर्षांतील भयंकर दुष्काळामुळें लक्षावधि आयरिश लोक अमेरिकेस गेले, तेव्हां हा सणही त्यांच्याबरोबर गेला. तेथें सलगमापेक्षां मोठा व पोखरण्यास सोपा असा तांबडा भोपळा मिळाला आणि दिवा त्यांत शिरला. १९३० नंतर मुलांनीं वेष घेऊन घरोघर खाऊ मागण्याची चाल तेथें वाढली. दुसऱ्या महायुद्धांत साखरेवर नियंत्रण आलें, तें १९४७ मध्यें उठलें, आणि त्यानंतर तर तिला भरतीच आली.

आतां असा प्रश्न येतो कीं, खाऊ गोड हवा, सुंदर हवा. तो भयाण कशासाठीं? याचें उत्तर आमच्या घरांतच आहे. मूल जेवीना, निजेना, म्हणजे आमच्या आया 'थांब, बागुलबोवाला बोलावतें' असें म्हणत. त्या बागुलबोवाचें सारें सामर्थ्य यांत होतें कीं, त्यास आकार नव्हता. तो माजघराच्या अंधारांत असे, विहिरीपलीकडे असे, आणि कोणी त्यास पाहिलेला नसे. उलट ज्या मुलानें स्वतः फेंटलेल्या साखरेचें भूत पाडलें, काडीनें त्यास डोळे लावले, आणि एक डोळा वांकडा झाला म्हणून हांसून घेतलें, त्यास तें भूत भिववूं शकत नाहीं. भय हातांत घेतां येतें, त्यास नांव देतां येतें, आणि शेवटीं तें खाऊन टाकतां येतें, असा हा पाठ आहे. मात्र तो मुलाच्या कलानें द्यावा. जें मूल खरोखरच घाबरतें त्यास हांसूं नये. त्याच्या भुतास हसरें तोंड काढावें.

आतां कृति. आम्हीं केलेल्या खाऊंपैकीं तीन प्रकार येथें देतों.

पहिला प्रकार पांढऱ्या भुतांचा. यास लागणारें मिश्रण 'मेरँग' या नांवानें प्रसिद्ध आहे. तीन अंड्यांचा पांढरा बलक, १५० ग्रॅम बारीक साखर आणि लिंबाच्या रसाचे चारसहा थेंब, एवढेंच साहित्य. भांडें कोरडें व तुपातेलाचा स्पर्श नसलेलें असावें; पिवळ्या बलकाचा एक थेंबही आंत जाऊं देऊं नये. पांढरा बलक फेंटूं लागलें म्हणजे त्यांतील प्रथिनांच्या गुंडाळलेल्या साखळ्या उलगडतात व हवेच्या बुडबुड्यांभोंवतीं एकमेकींस धरून जाळें विणतात. स्निग्ध पदार्थ मध्यें आला कीं हें जाळें नीट जुळत नाहीं, म्हणून एवढी खबरदारी. फेस नरम शिखरें धरूं लागला कीं साखर एक एक चमचा घालीत फेंटत जावें. साखर फेसांतील पाण्यांत विरघळून तें घट्ट करते, त्यामुळें पाणी खालीं झरत नाहीं व फेस टिकतो. मिश्रण दोन बोटांत चोळून पाहावें. कण लागला नाहीं आणि भांडें पालथें केलें तरी फेस हलला नाहीं, म्हणजे झालें.

मग जाड पिशवीचा कोपरा सुमारें एक सेंटिमीटर कापून मिश्रण तींत भरावें, आणि कागद पसरलेल्या तबकावर पिशवी उभी धरून खालीं रुंद, वर निमुळता असा तीन वेढ्यांचा ढीग घालावा. शेवटीं पिशवी झटक्यानें वर उचलली म्हणजे भुतास शेंडी येते. सुमारें ९५ ते १०० अंश सेल्सिअस इतक्या मंद उष्णतेंत दीड ते दोन तास ठेवावें. येथें भाजावयाचें नाहीं, वाळवावयाचें आहे. आंच वाढली तर भुतें पांढरीं न राहतां बदामी होतात. नंतर ओव्हन बंद करून तीं आंतच निवूं द्यावींत, एकदम थंड हवेंत काढल्यास तडकतात. अगदीं गार झाल्यावर आगकाडीच्या मागच्या टोकानें वितळलेल्या चॉकलेटचे डोळे लावावे. इतक्या साहित्यांत पंचवीस-तीस लहान भुतें होतात. साखर हवेंतील ओल ओढून घेते. आमच्या येथील दमट हवेंत पहिल्या शनिवारचीं भुतें तासाभरांत घामेजून एकमेकांस चिकटलीं. दुसऱ्या शनिवारीं तीं गार होतांच घट्ट झांकणाच्या डब्यांत घातलीं, तीं नीट राहिलीं.

दुसरा प्रकार चेटकिणीच्या बोटांचा. २२५ ग्रॅम लोणी व १२० ग्रॅम पिठीसाखर एकत्र फेंसावी, त्यांत एक अंडें व एक चमचा व्हॅनिलाचा अर्क मिसळावा, आणि शेवटीं ३३० ग्रॅम मैदा व अर्धा चमचा मीठ घालून हलक्या हातानें गोळा करावा. अर्धा तास गारव्यांत ठेवून मग त्याच्या बोटाएवढ्या लांब, पण बोटाहून बारीक वळ्या कराव्या. कारण भाजतांना त्या फुगतात. दोन ठिकाणीं किंचित् दाबून पेरें दाखवावीं, त्यांवर सुरीच्या पाठीनें तीन तीन रेघा ओढाव्या, आणि टोंकाशीं नख बसवावें. हीं बोटें पुन्हां पंधरा मिनिटें गार करून १६० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटें भाजावींत. गार कां करावयाचीं? लोणी पातळ होण्यापूर्वीं पिठानें आकार धरला पाहिजे. लोणी आधीं वितळलें तर बोट पसरतें आणि त्याची वांगी होतात. आमच्या पहिल्या घाण्याचीं तशींच झालीं, व घरांतील मुलांनीं त्यांस 'राक्षसाचे अंगठे' म्हणून तीं आनंदानें खाल्लीं. एखादें नख सुटून आलें तर त्याखालीं तांबड्या जॅमचा थेंब ठेवून तें बसवावें. रक्तही दिसतें आणि कामही होतें.

नख म्हणून तिकडे सोललेला बदाम लावण्याची रीत आहे. आम्ही मात्र भोपळ्याची सोललेली बी सुचवितों. ती मूळचीच हिरवट असते, म्हणजे चेटकिणीस शोभेल असें नख होतें, आणि दिव्यासाठीं पोखरलेल्या भोपळ्याशीं त्याचें नातेंही राहतें. बदामाविरुद्ध आमचें दुसरें कारण पुढें येईल.

तिसऱ्या प्रकारास चूल लागत नाहीं, म्हणून तो मुलांनीं स्वतः करावा. पिकलेलें पण घट्ट केळें सोलून मधोमध आडवें कापावें, दोन्ही अर्धुकें कापलेल्या बाजूवर उभीं करावींत, संत्र्याच्या रसांत बुडवून घ्यावींत, आणि मनुकांचे बारीक तुकडे डोळ्यातोंडाच्या जागीं बसवावे. केळें कापल्यावर काळें पडतें तें हवेंतील प्राणवायु व केळ्यांतील विकर यांच्या संयोगानें. रसांतील आंबटपणानें ही क्रिया मंदावते. संत्रें सोलून त्याच्या डोक्यांत काकडीच्या सालीचा हिरवा देंठ खोंचला कीं भोपळा तयार. ही कल्पना नागपूरकरांस विशेष आवडेल.

सरबतासाठीं एक युक्ति आहे. रबराचा नसलेला, अन्नासाठीं वापरण्याजोगा स्वच्छ हातमोजा धुवून, त्यांत पाणी भरून, तोंड बांधून रात्रभर गोठवावा. सकाळीं मोजा कापून काढला म्हणजे बर्फाचा हात निघतो व तो सरबतांत तरंगतो. कांहीं लोक वाफारे दिसावेत म्हणून 'कोरडा बर्फ', म्हणजे गोठविलेला कार्बन डायॉक्साइड, पेयांत टाकतात. त्याचें उष्णमान शून्याखालीं सुमारें ७८ अंश असतें. कातडीस लागला तर ती भाजल्यासारखी होते, आणि तुकडा पोटांत गेला तर आंतड्यांस इजा होते. बंद खोलींत त्याचा वायु सांचून श्वास कोंडण्याचें भय निराळेंच. मुलांच्या मेजावर त्याचें काम नाहीं. तसेंच अख्खीं द्राक्षें डोळे म्हणून ठेवतात. पांच वर्षांखालील मुलांच्या घशांत तीं नेमकीं अडकतात, म्हणून त्यांना तीं उभीं चार फांकी करून द्यावींत.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं, कारण तिसऱ्याच्या उत्तरांतून दुसऱ्याचें उत्तर निघतें.

हॅलोवीनच्या खाऊविषयीं अमेरिकेंत एक भीति पुष्कळ वर्षें घर करून बसली आहे: कोणी अनोळखी दुष्ट मनुष्य मुलांच्या खाऊंत विष घालील, किंवा सफरचंदांत पात्याचा तुकडा खुपसून देईल. १९७४ सालीं टेक्सस संस्थानांत आठ वर्षांचा एक मुलगा त्या रात्रीचा खाऊ खाऊन खरोखरच मेला. बापानें एका परक्या घराकडे बोट दाखविलें. पण चौकशीअंतीं असें निघालें कीं, विम्याच्या पैशांसाठीं त्या बापानेंच खाऊंत सायनाइड घातलें होतें. १९८४ मध्यें त्यास देहांत शिक्षा झाली. भाकर मागणाऱ्या लेकराच्या हातांत धोंडा ठेवणारा बाप प्रभूनें केवळ अशक्य कोटींतला म्हणून कल्पिला होता. येथें त्याहूनही वाईट बाप निघाला. पुढें १९८२ च्या शरद्ऋतूंत शिकागोच्या आसपास डोकेदुखीच्या गोळ्यांत कोणी विष मिसळल्यामुळें सात माणसें दगावलीं, आणि त्या वर्षीं पुष्कळ आईबापांनीं मुलांस घरोघर पाठविण्याचेंच टाळलें.

जोएल बेस्ट नांवाच्या समाजशास्त्रज्ञानें १९५८ पासूनच्या अशा वार्ता एक एक तपासून पाहिल्या. १९८५ मध्यें त्याचा व त्याच्या सहकाऱ्याचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि पुढेंही त्यानें हा शोध चालू ठेवला. दारावर आलेल्या मुलास परक्या माणसानें विषारी खाऊ देऊन ठार केल्याचें किंवा गंभीर इजा केल्याचें एकही सिद्ध उदाहरण त्यास आढळलें नाहीं. भुताचें भय खाऊन टाकण्यासाठीं जो सण, त्यांत शेजाऱ्याचें भय येऊन बसलें. आणि तें भय बहुतांशीं बागुलबोवासारखेंच निराकार होतें. त्याचा परिणाम मात्र साकार झाला. शेजारणीनें घरीं केलेली वडी संशयास्पद ठरली, आणि कारखान्यांत वेष्टन घातलेली तेवढी विश्वासाची ठरली.

वेष्टन म्हणजे निर्दोषतेची हमी नव्हे, हें २०१४ च्या अखेरीस दिसून आलें. साखरेच्या पाकांत बुडविलेलीं, कारखान्यांत तयार झालेलीं सफरचंदें खाऊन तेथें ३५ जण लिस्टेरिया नांवाच्या जंतूनें आजारी पडले. त्यांपैकीं सात मरण पावले, व निदान तिघांच्या मृत्यूस तो जंतु कारण झाला. फळांत काडी खुपसली म्हणजे त्या जखमेंतून रस निघून फळ व पाक यांच्या मध्यें सांचतो. तेथें ओल राहते, आणि फळ गारव्यांत न ठेवतां बाहेर राहिलें तर जंतु वाढतात. घरीं असें फळ केल्यास तें त्याच दिवशीं खावें किंवा शीतपेटींत ठेवावें.

मग शाळेनें यादी मागितली ती अविश्वासानें काय? आमच्या मतें नाहीं. एक धोका काल्पनिक नाहीं, आणि तो आईच्या प्रेमळ हातांतूनही जाऊं शकतो. कित्येक मुलांचें शरीर एखाद्या निरुपद्रवी अन्नास शत्रु समजून त्याविरुद्ध इतकें खवळतें कीं अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, आणि क्वचित् प्रसंगीं कांहीं मिनिटांत प्राणावर बेततें. यास अतिसंवेदना किंवा अॅलर्जी म्हणतात. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यानें आठ जिन्नसांचा उल्लेख वेष्टनावर करणें सक्तीचें झालें: दूध, अंडीं, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे जलचर, बदाम-अक्रोडादि सुकामेवा, भुईमूग, गहूं आणि सोयाबीन. २०२१ च्या कायद्यानें तीळ हा नववा जिन्नस मिळविला, व १ जानेवारी २०२३ पासून तो लागू झाला. म्हणजे आमचा तिळगूळ आणि आमची शेंगदाण्याची चिक्की, यांपैकीं एखादी वडी कोणा मुलास सायनाइडाहून निराळी नव्हे!

कारखान्यावर कायद्याची सक्ति आहे. आईवर ती नाहीं. म्हणून तिनें स्वहस्तें लिहिलेली यादी हेंच तिच्या खाऊचें वेष्टन. ती पुरी लिहावी. चॉकलेटच्या पुड्यावर जें छापलें असेल तेंही उतरून घ्यावें. ज्या सुरीनें शेंगदाणे कापले तीच धुतल्याशिवाय केळ्यास लावूं नये. बदामाऐवजीं भोपळ्याची बी सुचविण्याचें आमचें दुसरें कारण हेंच. आमच्या पहिल्या खाऊंत अंडें आहे. दुसऱ्यांत अंडें, दूध व गहूं आहेत. बोटांतील अंडें वगळून दोन चमचे दूध घातलें तरी तीं होतात. केळ्याचीं भुतें व संत्र्याचे भोपळे यांत त्या नऊ जिन्नसांपैकीं एकही नाहीं. तरी फळेंही एखाद्यास सोसत नाहींत, म्हणून त्यांचीही यादी द्यावी. पुष्कळ शाळा घरचा खाऊ मुळींच आणूं देत नाहींत. तेथें वाद घालूं नये. न सोललेल्या संत्र्यांच्या सालींवर मुलाकडून डोळेतोंड काढून घेऊन तीं न्यावींत. २०१४ पासून तेथें आणखी एक चांगली चाल देशभर पसरली आहे: ज्या घरीं मुलांना खाऊऐवजीं खडू, चेंडू असें कांहीं देतात, त्या घरच्या दाराशीं निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवतात. खाऊ न चालणाऱ्या मुलास तो दुरून दिसतो, आणि त्याही दारीं आपलें स्वागत आहे हें कळतें.

राहिला दुसरा प्रश्न. ख्रिस्ती घरानें हें करावें काय? याविषयीं सुज्ञ माणसांत मतभेद आहेत. अमेरिकेंतील कित्येक मंडळ्या त्या दिवशीं भुतांस फांटा देऊन पिकांचा आनंदोत्सव करतात. आम्हां प्रॉटेस्टंटांस तर ३१ ऑक्टोबरची निराळीच आठवण आहे: १५१७ सालीं त्याच दिवशीं मार्टिन लूथरनें विटेनबर्ग येथें आपलीं ९५ विधानें पुढें मांडलीं. ज्याचें मन साखरेच्या भुतासही कचरतें त्यानें तें करूं नये, व ज्याचें कचरत नाहीं त्यानें त्याचा उपहास करूं नये. परंतु आम्हांस प्रश्नाचें मर्म निराळें वाटतें. करिंथ येथील मंडळींत मूर्तींस दाखविलेलें अन्न खावें कीं नाहीं असा वाद पडला होता. मूर्ति म्हणजे कांहींच नव्हे, हें पौलास ठाऊक होतें. तरी त्यानें तो वाद नुसत्या ज्ञानानें तोडला नाहीं. पंगतींत जो दुर्बळ भाऊ बसला आहे त्याचें काय होईल, हें पाहून तोडला. साखरेचें भूत खरें नव्हे हें आम्हां सर्वांस ठाऊक आहे. त्या वर्गाच्या मेजाशीं सर्वांत दुर्बळ मूल कोणतें, आणि तें आपल्या ताटलींतलें खाऊं शकेल काय, हा खरा प्रश्न. त्याचें उत्तर ज्या खाऊनें दिलें तो ख्रिस्ती घरास शोभणारा खाऊ, मग त्याचा आकार कोणताही असो.

सणाचें असें रूपांतर यापूर्वींही झालें आहे. १९५० सालीं फिलाडेल्फियाच्या परिसरांत क्लाइड अॅलिसन नांवाचे प्रेस्बिटेरियन पाळक व त्यांच्या पत्नी मेरी एम्मा यांनीं मुलांना दुधाच्या रिकाम्या खोक्यांत खाऊऐवजीं पैसे मागावयास लाविलें, आणि जमलेले १७ डॉलर संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीस पाठविले. त्यानंतर लक्षावधि मुलांनीं हें अनुकरण केलें.

असें उत्तर आम्हीं धाडलें. नोव्हेंबरांत तिचें दुसरें पत्र आलें. बोटें ठीक झालीं होतीं, भुतांचे डोळे थोडे ओघळले होते. यादी लिहितांना तिनें शिक्षिकेस सहज विचारलें, तेव्हां समजलें कीं वर्गांत एका मुलीस अंडें व दूध दोन्ही वर्ज्य आहेत, आणि प्रत्येक समारंभास ती घरून आणलेला आपला निराळा डबा घेऊन टेबलाच्या कडेस बसते. आमच्या विद्यार्थिनीनें मग केळ्यांचीं भुतें सर्व वर्गास पुरतील इतकीं केलीं, त्यांची चिठ्ठी आधींच त्या मुलीच्या घरीं पाठविली, आणि तिच्या आईचा होकार आल्यावरच ताट शाळेंत नेलें. त्या दिवशीं मुलीनें आपला डबा उघडला नाहीं. तिनें दोन भुतें घेतलीं, आणि दोहोंचींही डोकीं आधीं खाल्लीं.

आमच्या विद्यार्थ्यांस आमची एवढीच सूचना आहे. नाताळांत तुम्ही करंज्या, शंकरपाळे व चिवडा यांचीं ताटें शेजारीं पोंचवितां. दिवाळींत त्यांचीं ताटें आपल्या घरीं येतात. यंदा ताटावरील रुमालाखालीं एक लहानशी चिठ्ठी ठेवा, आणि आंत काय काय आहे तें स्वच्छ अक्षरांत लिहा. शुद्धलेखनाकडे आम्ही त्या दिवसापुरता कानाडोळा करूं.